येतं-जातं नेट

पूर्ण बंद पडलेलं यंत्र एका परीने सरळ असतं. बंद आहे ते दिसतं, चारचौघांना दाखवता येतं, दुरुस्त करणाऱ्याच्या हवाली करता येतं. पिच्छा पुरवतं ते मधूनच रुसणारं यंत्र. घरचा कॉम्प्युटर दिवसभर शहाण्यासारखा चालतो, एकाएकी नेट सोडतो आणि मिनिटभराने आपणच परत पकडून, काही झालंच नाही अशा थाटात बसतो. तेवढ्यात तुम्ही घरातल्या कुणाला तरी हाक मारलेली असते. तो येतो, माउस हलवतो, एखादं पान उघडून बघतो. पान झटक्यात उघडतं. ‘चालू तर आहे!’ या वाक्यावर आपल्याकडे उत्तर नसतं. पुरावा नाही, आरोपी समोर निर्विकार बसलाय आणि साक्षीदार म्हणाल तर आपण एकट्याच.

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. फाइली येतात, जातात, लेखकांशी आणि संपादकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल होतो. अशा कामात घटकाभर नेट गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण कॉलमध्ये एक चमत्कारिक गोष्ट होते. तुटल्याचं आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं. समोरचे चेहरे थिजलेले असतात, पण लक्ष देऊन ऐकणारी माणसंही तशीच दिसतात. मी एखाद्या परिच्छेदाच्या तोडणीवर तावातावाने बोलत राहायचे आणि मग कुणाची तरी पापणी जरा फारच वेळ मिटलेली दिसायची. तोवर माझा मुद्दा संपलेला. परत जोडलं गेलं की ‘कुठपर्यंत ऐकू आलं?’ हा प्रश्न आणि तेच सगळं दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा बोलताना मुद्द्यातला जोर निघून जातो, हे शिकवणाऱ्यांना आणि भांडणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

त्याहून त्रासदायक म्हणजे नेट चालू असतानाही ते चालू आहे यावर विश्वास बसेनासा होतो. लक्ष सारखं पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या चिन्हाकडे. वाक्य अर्ध्यात असताना हात सेव्ह करायला जातो. महत्त्वाचं ते आधी बोलून घ्यावं म्हणून कॉलच्या सुरुवातीलाच घाई होते. ज्या वेळी काहीही बिघडलेलं नसतं, ती वेळसुद्धा हा दोष खाऊन टाकतो.

घरातल्या बाकीच्यांचे फोन त्याच वायफायवर निवांत चालत होते. त्यामुळे निकाल लगेच लागला: कॉम्प्युटर जुना झालाय. त्यातच मी कॉलवर थिजलेली असताना आतल्या खोलीत सिनेमा विनाअडथळा चालू असायचा, म्हणजे नेटची तक्रार करायला जागाच उरली नाही. पण ही साक्ष ऐकायला वाटते तेवढी भक्कम नाही. सिनेमा दाखवणारं ॲप पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे मध्ये अर्धं मिनिट नेट गेलं तरी पडद्यावर ते कळतही नाही. वेबपानं आणि फाइली ज्या टीसीपी पद्धतीने येतात, तिचा तर पायाच हरवण्यावर उभा आहे. विंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली तीच मुळी वाटेत तुकडे गहाळ होणार हे धरून. पोच आली नाही तर थांब, परत पाठव. तरी आली नाही तर आणखी जास्त थांब, परत पाठव. हे सगळं आपल्या पाठीमागे चालतं आणि आपल्याला फक्त ‘आज जरा हळू आहे’ एवढंच वाटतं. कॉलला ही चैन परवडत नाही. तीन सेकंदांपूर्वीचा शब्द आत्ता आणून देण्यात काही अर्थ नसतो, म्हणून तो सोडूनच दिला जातो. तेव्हा एकाच घरात, एकाच वेळी सिनेमा चालणं आणि कॉल तुटणं यात काहीच विसंगती नाही. कॉल फक्त सगळ्यांआधी बोंब मारतो.

माझा भाचा या क्षेत्रातला आहे. त्याला फोन केला तर त्याचं पहिलं वाक्य, “मावशी, आधी राऊटर बंद करून चालू कर.” मी म्हटलं, “अरे, ते केलं की चालतंच. मग पुन्हा जातं.” “मग चालतंय ना!”

रीस्टार्टबद्दल माझं मत तेव्हापासून कडवट आहे. तो चालतो, यात वाद नाही. राऊटर बंद करून चालू केला की त्याच्या साठलेल्या नोंदी पुसल्या जातात, तो नेट पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपनीशी नव्याने जोडून घेतो, घरातल्या उपकरणांना पुन्हा पत्ते वाटतो, कदाचित वायफायसाठी कमी गर्दीचं दुसरं चॅनेल निवडतो आणि तापला असेल तर दोन क्षण थंडही होतो. म्हणजे एका बटणाने पाचसहा वेगवेगळ्या आजारांवर एकदम औषध पडतं. आणि तिथेच घोटाळा आहे. त्यातला नेमका कोणता आजार होता ते आता कधीच कळणार नाही. वर, बिघाडाच्या क्षणी जे काही बघण्यासारखं होतं, ते सगळं आपण आपल्या हाताने पुसून टाकलेलं असतं. इंटरनेटवर जे ‘हे दहा उपाय करून पाहा’ छापाचे सल्ले मिळतात त्यांचंही तेच. ड्रायव्हर बदला, चॅनेल बदला, नेटवर्क रीसेट करा, अमुक सेवा बंद करा. लोक एका बैठकीत सगळंच करतात. चाललं तर का चाललं ते ठाऊक नाही आणि नाही चाललं तर आता मूळचा दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेही ठाऊक नाही. विंडोजमधलं नेटवर्क रीसेट तर जतन केलेली सगळी वायफाय नावं आणि पासवर्डही घेऊन जातं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, बरं कसं करायचं ते राहू दे, तुटतं तेव्हा नेमकं काय तुटतं ते कसं बघायचं तेवढं सांग. या प्रश्नावर तो खुलला. “मग पिंग लावून ठेव.”

पिंग म्हणजे अगदी साधा प्रकार. एका पत्त्यावर छोटासा संदेश पाठवायचा, तिकडच्या यंत्राने तो जसाच्या तसा परत करायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला ते आपण मोजायचं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ च्या डिसेंबरात हा हजारेक ओळींचा प्रोग्राम एका संध्याकाळीच लिहून टाकला, कारण त्याच्यासमोरचं नेटवर्क विचित्र वागत होतं. पाणबुडी शोधणारं ‘सोनार’ नावाचं यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, त्या आवाजावरून त्याने नाव दिलं. पुढे म्यूसनेच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे असाच येता-जाता दोष होता. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर आवाजात बदललं, तो आवाज ऑफिसच्या स्टिरिओला जोडला आणि कान सहन करतील तेवढा मोठा केला. दर सेकंदाला ‘पिंग, पिंग’ असा गजर चालू. मग हा गृहस्थ इमारतभर फिरत केबलींचे जोड एकेक करून हलवत गेला. ज्या जोडाला हात लावल्यावर आवाज बंद पडला, तो जोड खराब. यात रीस्टार्ट नाही, अंदाज नाही. दोषालाच बोलतं केलं, आणि तो गप्प झाला त्या जागी पकडला.

माझ्याकडे स्टिरिओ नाही, पण कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडक्या उघडता येतात. भाच्याने तीन उघडायला लावल्या. पहिलीत पिंग राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या घरातल्याच पत्त्याला. दुसरीत घराबाहेर दूरच्या ८.८.८.८ ला, गुगलने २००९ पासून सर्वांसाठी खुला ठेवलेला हा पत्ता पाठ राहायला सोपा आहे. तिसरीत पत्त्याऐवजी एका वेबसाइटचं नाव. तुटण्याच्या क्षणी तिन्ही खिडक्यांकडे एकदम बघायचं. राऊटरच उत्तर देत नसेल तर भानगड घरात आहे आणि बाहेरच्या कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. राऊटर बोलतोय पण ८.८.८.८ गप्प, तर घरातलं सगळं ठीक आहे, रस्ता बाहेर तुटलाय. आणि पत्ते दोन्ही बोलतात पण नव्याने नाव टाकलं की ते सापडत नाही, तर नावावरून पत्ता काढून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था अडखळतेय. नेट ‘गेलं’ असं आपण म्हणतो त्या वेळी पुष्कळदा नेट जागेवर असतं, फक्त त्याला कुणाचीच नावं आठवत नसतात.

काळ्या खिडकीतली उत्तरंही वाचायला शिकावी लागतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे आम्ही पाठवलं, वाट बघितली, परत काही आलं नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि त्यापुढे आपलाच पत्ता दिसत असेल, तर आपल्या कॉम्प्युटरने घरातल्या घरात हाका मारल्या आणि कुणी ओ दिली नाही. ‘जनरल फेल्युअर’ म्हणजे हाक मारायला तोंडच उघडता आलं नाही, कॉम्प्युटरने स्वतःच जोडणी सोडली आहे. या तिन्हींतला फरक पडद्यावरच्या त्या छोट्या चिन्हात मात्र कळत नाही.

त्या चिन्हावर तर फार विसंबू नये. विंडोज नेट आहे की नाही हे ठरवते कसं, ते समजल्यावर मला हसू आलं. ती मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून एक फाइल मागवते. त्या फाइलीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढीच अक्षरं असतात, बाकी काही नाही. ती आली तर नेट आहे, नाही आली तर नाही. म्हणजे तेवढी एक फाइल कुठे अडली तर सगळं जग चालू असतानाही कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’ उमटणार, आणि एकदा फाइल मिळाली की मधल्या बारीकसारीक तुटण्यांचा त्या चिन्हाला पत्ताही नसणार.

भाच्याशी फोनवर हे सगळं चालू असताना, “दिवा कुठला लुकलुकतोय?”, “आता दिसलं का?” अशी आमची प्रश्नोत्तरं व्हायची. त्यात काही कमीपणा नाही. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांमधले कॉम्प्युटर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, तेव्हाही दोन्हीकडची माणसं साध्या फोनवरून असंच विचारत होती. ‘एल’ पोचलं का? पोचलं. ‘ओ’? पोचलं. लॉगइन हा शब्द पाठवायचा होता. तिसऱ्या अक्षराला पलीकडचा कॉम्प्युटर बसला. इंटरनेटच्या पूर्वजाने पाठवलेला पहिला संदेश असा दोन अक्षरांवर तुटलेला आहे. यात मला विशेष वाटतं ते हे की लाइन ठीक होती. फोनवर दुसरा माणूस नसता, तर अलीकडच्याला काय समजलं असतं?

आता दिवसरात्र खिडक्यांकडे डोळे लावून कोण बसणार? भाच्याने चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालत राहणारा छोटासा प्रोग्राम, पाठवली. दर सेकंदाला दोन्ही पत्त्यांना हाक मारायची, आणि उत्तर चुकलं की तारीख, वेळ आणि कोण चुकलं एवढं एका फाइलीत लिहायचं. शिवाय विंडोज स्वतःही वायफायचा रोजनामा ठेवते हे तेव्हा कळलं. एका आज्ञेत ती गेल्या तीन दिवसांचा अहवाल करून देते: कधी जोडलं, कधी तुटलं, तुटल्याचं तिला समजलेलं कारण काय. कारणांची भाषा सरकारी पत्रासारखी असते, पण वेळा अचूक असतात. मला वेळाच हव्या होत्या.

फाइल भरू लागली आणि मला आधी बसलेला पहिला धक्का असा की दोष माझ्या समजुतीपेक्षा बराच कमी वेळा होत होता. मी ‘सारखं जातं’ म्हणत होते. सारखं जात नव्हतं. जात होतं ते संध्याकाळी, एका टप्प्यात, आणि त्या टप्प्यात पुन्हापुन्हा.

वेळ मिळाली की संशयितांची यादी आपोआप छोटी होते. तुटण्यामध्ये घड्याळ लावल्यासारखं सारखं अंतर असतं, तर मी पत्त्याच्या मुदतीकडे बोट दाखवलं असतं. राऊटर प्रत्येक उपकरणाला पत्ता कायमचा देत नाही, भाड्याने देतो. निम्मी मुदत संपली की उपकरण नूतनीकरण मागतं, तेव्हा दाद मिळाली नाही तर मुदतीचे सात-अष्टमांश उलटल्यावर पुन्हा दार ठोठावतं. तिथे काही अडलं तर तुटणं अगदी ठरल्या वेळी होतं. कॉम्प्युटरला हात न लावता ठेवल्यावर तुटत असतं, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगवर संशय जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या नावाखाली एक चौकोन असतो: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी आहे. तो बहुधा खूण केलेलाच येतो. टेबलावरच्या, कायम विजेला जोडलेल्या यंत्राला ही काटकसर कशाला हवी ते मला अजून उमगलेलं नाही. मी ती खूण काढली. फाइलीतल्या वेळांत फरक पडला नाही, म्हणजे तो निर्दोष. पण खूण परत घातली नाही, हेही खरं.

मग गर्दीचा संशय. वायफायच्या रेडिओ लहरींचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. तो लांब जातो, भिंती ओलांडतो आणि म्हणूनच तिथे सगळ्यांची झुंबड. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, बिनतारी कीबोर्ड सगळे तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याचं झाकण कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर सांडतंच. या पट्ट्यात चॅनेल बरीच दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच: १, ६ आणि ११. पाचच्या आसपासचा नवा पट्टा ऐसपैस आहे, पण त्याचीही एक तऱ्हा आहे. त्यातली काही चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. राऊटरला तिथे रडारसारखा सिग्नल ऐकू आला की त्याने चॅनेल सोडायचं, आणि अशा नव्या चॅनेलवर बसण्यापूर्वी एक मिनिट नुसतं ऐकत राहायचं. हा कायदा आहे. आकाशातल्या ढगांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रामुळे कुणाच्या तरी खोलीतला कॉल तुटू शकतो, हे वाचून मला माझ्या दोषाबद्दल थोडा आदर वाटू लागला होता. पण माझ्या कॉम्प्युटरला पाचचा पट्टा येतच नव्हता. त्यात वायफाय मुळात नाही. पुढच्या बाजूला वायफाय पकडणारा नखाएवढा एक यूएसबी डोंगल खोचलेला आहे आणि तो फक्त २.४ जाणतो.

संध्याकाळी सगळे घरी येतात, म्हणून गर्दी, म्हणून तुटतं. हा तर्क इतका छान बसत होता की मी जवळजवळ तिथेच थांबले असते. फाइलीत एक गोष्ट मात्र खटकत होती. रविवारी एकही नोंद नव्हती. शेजारी रविवारी जास्त घरी असतात, कमी नाही.

त्या सुमारास वायफायला बाजूला सारून बघावं म्हणून मी कपाटातली जुनी नेटवर्क केबल काढून राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत ओढली. केबलवर चाललं तर दोष हवेतला, नाही तर आणखी कुठला. केबलवरही तुटलं! आणि तेही भलत्याच वेळी, दुपारी. दोन दिशांचे पुरावे हाती आल्यावर माणूस भुतांवर विश्वास ठेवायला लागतो. खुर्ची मागे सरकली की तुटतं, असं लक्षात आल्यावर मी खाली वाकून टोक बघितलं. त्या पारदर्शक प्लगला वर एक चिमुकली प्लास्टिकची जीभ असते, जी खाचेत ‘टक्’ करून अडकते. ती मोडलेली होती. प्लग खाचेत नुसता टेकून होता, केसभर मागे सरकला की संपर्क संपला. शिवाय सेटिंगमध्ये वेग बघितला तर १००० मेगाबिटऐवजी १०० दाखवत होता. केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या. तारांची जोडी अशी पिळली की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून रद्द होतो, ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच काढली होती. १००० ला चारही जोड्या लागतात, १०० चं काम दोघींवर भागतं. म्हणजे आतली एखादी तारही गेलेली. तपासाला आणलेला साक्षीदारच खोटारडा निघाला. चांगली केबल आणून लावल्यावर संध्याकाळचं तुटणं साफ थांबलं, तेव्हा एवढं पक्कं झालं की दोष हवेतलाच आहे.

इथे व्यवहारी माणूस थांबेल. केबल चालतेय, कॉल तुटत नाही, विषय संपला. आणि माझंही मत विचाराल तर एका जागी बसलेल्या यंत्राला तारच लावावी; हवेत सगळ्यांशी जागेवरून भांडण्यापेक्षा स्वतःची वाट बरी. पण ती केबल दोन खोल्यांच्या दारांतून आडवी जात होती, आणि घरातल्या लोकांनी तिच्यावरून पाय उचलून जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघायला सुरुवात केली, त्यावरून ती फार दिवस टिकणार नव्हती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो रविवार मला स्वस्थ बसू देत नव्हता.

रविवारी मी काम करत नाही. काम नाही म्हणजे फाइली नाहीत. फाइली नाहीत म्हणजे संध्याकाळी त्यांची प्रत काढून ठेवणं नाही. रोज काम आटोपत आलं की मी बाहेरची हार्ड डिस्क जोडते, बॅकअप आपोआप सुरू होतो आणि तो चालू असतानाच दिवसाचा शेवटचा कॉल होतो. ही डिस्क कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या निळ्या खाचेत लागते. तिच्या शेजारच्या खाचेत, बोटभर अंतरावर, तो नखाएवढा डोंगल.

केबल काढली, वायफायवर आले, आणि भर दुपारी, जेव्हा कधीही तुटत नसे, तेव्हा डिस्क जोडून बॅकअप चालू केला. राऊटरची खिडकी समोर. आतापर्यंत दोन, तीन, दोन असे चाललेले मिलिसेकंद एकदम चाळीस झाले. मग तीनशे. आठशे. मग ‘टाइम्ड आउट’च्या ओळी लागोपाठ, आणि शेवटी ‘जनरल फेल्युअर’. डिस्क काढली, थोड्या वेळात पुन्हा दोन, तीन, दोन. पुन्हा जोडली, पुन्हा चाळीस, तीनशे. महिनोन्महिने स्वतःच्या लहरीने येणारा दोष आता मी बोलावला की येत होता. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी तो गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा बोलावला.

यात गूढ काही नाही. यूएसबीची ही निळ्या खाचेची तिसरी पिढी सेकंदाला ५ गिगाबिट इतक्या वेगाने माहिती ढकलते. हा वेगच असा आहे की त्यातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेमका पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. अशी डिस्क जवळ असताना त्या पट्ट्यातला गोंगाट २० डेसिबलच्या आसपास वाढल्याचं त्यात दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. दूरच्या खोलीतल्या राऊटरचा आवाज आधीच दबून आलेला, आणि डोंगलच्या कानाशी शंभरपट कलकलाट. फोन मात्र हातात, डिस्कपासून लांब आणि पाचच्या पट्ट्यावर, त्यांना काय त्याचं? छप्पर गळतं तेव्हा थेंब पडतो एका जागी आणि भोक असतं भलतीकडे, तसं मी इतके दिवस राऊटर, शेजारी आणि कंपनी यांच्याखाली बादल्या ठेवत होते.

उपाय सांगायलाही लाज वाटावी इतका लहान आहे. हातभर लांबीची यूएसबी एक्सटेंशन वायर घेतली, डोंगल तिच्या टोकाला लावून मॉनिटरच्या मागे वर टांगला, डिस्क कॅबिनेटच्या मागच्या खाचेत नेली. मिलिसेकंद बॅकअपमध्येही दोन-तीनच राहिले. भाचा म्हणाला, “मावशी, त्यापेक्षा पाचवाला डोंगल घे ना.” घेईन कधीतरी. तूर्त टांगलेला चालतोय.

घरातलं थांबल्यावर फाइलीत एक दुसरंच चित्र उरलं, जे आधीच्या धुमश्चक्रीत दिसत नव्हतं. अधूनमधून, बहुतेक पहाटे, राऊटर नीट बोलतोय आणि ८.८.८.८ काही मिनिटं गप्प. हे बाहेरचं. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नेहमीप्रमाणे राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी म्हटलं, “ताई, करते, पण आधी वेळा लिहून घ्या,” आणि तारखेसह वेळा वाचायला लागले. चौथ्या वेळेला तिने मला थांबवलं आणि माणूस पाठवते म्हणाली.

आलेल्या मुलाने फायबरची वायर तिचा प्रकाश घेणाऱ्या डब्यातून काढून हातातल्या मीटरला लावली. मीटर येणारा प्रकाश मोजतो, उणे जितकं मोठं तितका प्रकाश मंद. आकडा आला उणे २८. उणे २७ च्या पलीकडे गेलं की डबा चाचपडायला लागतो, तो म्हणाला, म्हणजे कधी धरतो, कधी सोडतो. त्याने भिंतीवरच्या जोडातलं टोक काढलं, पुसणीने पुसलं, परत बसवलं आणि पुन्हा मोजलं. उणे २१. केसाएवढ्या काचेच्या तोंडावर बसलेली धूळ, एवढंच. “पण तुम्हाला पहाटेचं कळलं कसं?” त्याने विचारलं, तेव्हा मी फाइल दाखवली. त्याने ती वर-खाली करून बघितली, मान हलवली, सामान आवरलं, आणि निघता निघता सवयीने राऊटर बंद करून चालू केला.

भाच्याला हे सांगितलं तर तो हसत म्हणाला, “म्हणजे रीस्टार्टनेच चाललं ना शेवटी?” मी त्याला सांगितलं, मीटरचा दुसरा आकडा रीस्टार्टच्या आधीचा होता.